पात्रपत्रक आणि व्यक्तिरेखा : घरगुती भूमिकाखेळातील पात्रनिर्मिती

'पात्र' हा शब्द मराठीत एकाहून अधिक अर्थांनी रूढ आहे. नाटकातील वा कथेतील व्यक्ती हा त्याचा एक अर्थ. भांडे हा दुसरा. साहित्यविचारात आपण पहिल्या अर्थाने हा शब्द वापरतो आणि दुसरा अर्थ विसरून जातो. कादंबरीतील पात्र वाचकाच्या हाती येते तेव्हा ते लेखकाने भरलेले असते. त्याचे बोलणे, वागणे, मरणे सारे काही संहितेत निश्चित झालेले असते. वाचकाने करावयाचे ते केवळ आकलन आणि अर्थनिर्णयन. मात्र गेल्या पन्नास वर्षांत जगभर रुजलेल्या एका कथनप्रकारात पात्र हे प्रथमतः रिकामे भांडे असते, आणि ते किती रिकामे ठेवावे हाच निर्मितीचा मुख्य प्रश्न असतो. हा कथनप्रकार म्हणजे टेबलाभोवती बसून खेळला जाणारा भूमिकाखेळ. त्यातील पात्र कसे घडते, आणि एखाद्या गटाने स्वतःचा खेळ स्वतःच रचला असता पात्रनिर्मितीचे कोणते प्रश्न उभे राहतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

१. खेळाचे स्वरूप

भूमिकाखेळात साधारणतः चार-सहा जण एकत्र बसतात. त्यांपैकी एक जण सूत्रधार होतो. उरलेले प्रत्येकी एक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग वर्णन करतो. आपले पात्र काय बोलते, काय करते हे खेळणारा सांगतो. आणि त्या कृतीचे फलित काय हे सूत्रधार सांगतो. फलित अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. लिहिलेली संहिता नसते आणि वेगळा प्रेक्षकवर्गही नसतो. बोलणारे तेच ऐकणारे असतात. पात्राविषयीची जी माहिती खेळाला आवश्यक असते ती एका कागदावर नोंदलेली असते. या कागदाला 'पात्रपत्रक' म्हणता येईल. बाजारात छापील नियमपुस्तके मिळतात. परंतु अनेक गट आपले जग, आपले नियम आणि आपले पात्रपत्रक स्वतः तयार करतात. असा खेळ तो घरगुती खेळ.

वस्तुतः हा सगळा प्रकारच मूळचा घरगुती आहे. प्रशियातील गेओर्ग फॉन राइसविट्झ याने १८२४ मध्ये सैनिकी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. फासे आणि निर्णय देणारा पंच या दोन्ही गोष्टी त्यात होत्या. मात्र पटावरचा ठोकळा ही पलटण होती, व्यक्ती नव्हती. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली या हौशी युद्धखेळाडूने १९६९ मध्ये 'ब्राउनश्टाइन' नावाचा खेळ मांडला. नेपोलियनकालीन एका काल्पनिक जर्मन गावातील वेगवेगळ्या व्यक्तींच्या भूमिका त्याने आपल्या मित्रांना वाटून दिल्या. मित्र लढाईची वाट न पाहता आपापसांत कारस्थाने आणि वाटाघाटी करू लागले. वेस्लीला आपला प्रयोग फसला असे वाटले. खेळणाऱ्यांना मात्र तोच हवा होता. त्या गटातील डेव्ह आर्नेसन याने १९७१ च्या सुमारास 'ब्लॅकमूर' हे काल्पनिक जग रचून हा प्रकार पुढे नेला. त्याने विस्कॉन्सिनमधील गॅरी गायगॅक्सच्या सहकार्याने नियमांना आकार दिला, आणि १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने, पहिल्या खेपेस १,००० प्रतींचा, प्रसिद्ध झाला.

यातील साहित्यदृष्ट्या महत्त्वाची घटना कोणती? युद्धखेळातला ठोकळा मेला की पेटीत जातो आणि पुढच्या डावात तोच ठोकळा दुसरा कोणी होऊन परत येतो. त्याला भूतकाळ नसतो. आर्नेसनच्या गटात एक खेळणारा, एक व्यक्ती आणि डावामागून डाव तीच व्यक्ती ही पद्धत रुजली. काल झालेली जखम, काल मिळालेले धन, काल दिलेले वचन आजच्या डावात शिल्लक राहू लागले, आणि ते लक्षात ठेवण्यासाठी कागद लागला. पात्रपत्रकाचा उगम असा स्मरणाच्या गरजेतून झाला. ठोकळ्याचे पात्र झाले ते वर्णनामुळे नव्हे, सातत्यामुळे.

२. पत्रक काय विचारते

१९७४ च्या खेळात पात्राची सहा अंगे मोजली जात : बळ, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि इतरांवर पडणारी छाप. प्रत्येक अंगासाठी तीन फासे टाकायचे आणि बेरीज मांडायची. तीन फाशांचे २१६ प्रकारे दान पडू शकते. त्यांपैकी १८ ही बेरीज एकाच प्रकारे येते आणि ३ हीदेखील एकाच प्रकारे. १० किंवा ११ मात्र मिळून ५४ प्रकारे, म्हणजे चारांतून एकदा. तात्पर्य, बहुतेक पात्रे बहुतेक बाबतींत सामान्य निपजत. येथे कल्पनेच्या आधी दैव येते. कादंबरीकार नायकाला हवी ती बुद्धी देतो. खेळणाऱ्याला जी पदरात पडली ती घेऊन उभे राहावे लागते. 'हा असा का?' या प्रश्नाचे उत्तर त्याला नंतर शोधावे लागते, आणि पात्राचा जन्म बहुधा या शोधातच होतो.

फाशांनंतर वर्ग निवडायचा : योद्धा, मांत्रिक किंवा धर्मोपासक. संस्कृत नाट्यशास्त्रातील नायकभेदांशी याचे साम्य जाणवते. धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत हे भेद त्या त्या नायकाला कोणत्या प्रकारचे कार्य शोभेल याचे नियमन करतात. १९७४ मधील वर्गही तेच करतात. दोन्हीकडे अंतरंगापेक्षा औचित्याला महत्त्व आहे.

पुढील वर्षांत पत्रकांनी वेगळे प्रश्न विचारावयास सुरुवात केली. मार्क मिलरच्या 'ट्रॅव्हलर' (१९७७) या अंतराळविषयक खेळात पात्र अठराव्या वर्षी एखाद्या सेवेत शिरते आणि चार-चार वर्षांच्या मुदती पुऱ्या करते. प्रत्येक मुदतीगणिक कौशल्ये वाढतात, परंतु प्रत्येक मुदतीत जगण्यासाठीही फासे टाकावे लागतात. दान चुकले तर खेळ सुरू होण्यापूर्वीच पात्र मरते. चौतिसाव्या वर्षापासून वार्धक्याचेही फासे सुरू होतात. येथे भूतकाळ हा कल्पनेने लिहायचा मजकूर न राहता जोखीम पत्करून मिळवायची गोष्ट झाला. 'चॅम्पियन्स' (१९८१) या खेळात दैव बाजूला सारून हिशेब आला. ठरावीक गुणांची शिदोरी मिळते आणि तीतून सामर्थ्ये विकत घ्यायची. शिदोरी वाढवायची तर उणिवा पत्करायच्या : पाठलाग करणारा शत्रू, जपावे लागणारे माणूस, लपवावी लागणारी ओळख. त्याच वर्षी सँडी पीटरसनचा 'कॉल ऑफ क्थुलू' हा भयकथेचा खेळ आला. त्यात मनःस्वास्थ्य हा एक आकडा आहे आणि तो मुख्यतः घटत जातो. विश्वाविषयीचे भीषण ज्ञान जितके वाढेल तितकी स्वास्थ्याची कमाल मर्यादा खाली येते. ज्ञान आणि स्वास्थ्य यांतील विरोध लेखकाच्या वर्णनातून नव्हे, तर केवळ वजाबाकीतून व्यक्त होतो.

या उदाहरणांवरून एक सूत्र हाती लागते. पात्रपत्रक ही निरपेक्ष नोंद नसते. माणसाविषयी काय विचारण्याजोगे आहे याबद्दलचा तो एक सिद्धान्त असतो. जे पत्रकावर आहे त्याकडे खेळणाऱ्याचे लक्ष जाते. जे नाही ते असूनही नसल्यासारखे होते. बळ मोजणारा खेळ मारामारीकडे झुकतो आणि स्वास्थ्य मोजणारा खेळ ऱ्हासाकडे. घरगुती खेळ रचणाऱ्याने म्हणूनच प्रथम नियमांचा नव्हे, प्रश्नांचा विचार केला पाहिजे.

३. न कळण्याचा उपयोग

घरगुती खेळात आणखी एक अडचण असते. जग एकाने रचलेले असते आणि बाकीच्यांना ते माहीत नसते. मिनेसोटा विद्यापीठात उर्दू व दक्षिण आशियाई विषयांचे अध्यापन करणारे भाषाभ्यासक एम. ए. आर. बार्कर यांनी 'टेकुमेल' नावाचे एक जग दीर्घकाळ रचत आणले होते. त्याला स्वतःच्या भाषा होत्या, लिपी होत्या, देवता आणि कुळाचार होते. त्यावरील 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' हा खेळ १९७५ मध्ये छापून आला. इतक्या दाट संस्कृतीतील पात्र नवख्याने कसे साकारावे? यावर त्यांनी काढलेला तोडगा मोठा मार्मिक आहे. नवी पात्रे परदेशी रानटी माणसे म्हणून होडीतून बंदरावर उतरतात. त्यांना रीतिरिवाज ठाऊक नसतात आणि खेळणाऱ्यालाही नसतात. खेळणाऱ्याचे अज्ञान हेच पात्राचे अज्ञान ठरते. कथनशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर दृष्टिकोन आणि माहितीची मर्यादा येथे एकरूप होतात, आणि ते वर्णनकौशल्याने नव्हे तर पात्राच्या निवडीने साधले जाते.

४. अति भरलेले पात्र

साहित्याचा अभ्यास केलेली व्यक्ती अशा खेळात प्रथम उतरते तेव्हा तिच्या हातून एक चूक हटकून होते. ती पात्राचे सविस्तर चरित्र लिहून आणते. बालपण, आघात, प्रेमभंग, सूड, पश्चात्ताप हे सारे त्यात असते आणि लेखन म्हणून ते वाचनीयही असते. मात्र टेबलावर हे पात्र निर्जीव ठरते. त्याच्या आयुष्यात घडायचे ते घडून गेलेले असते. इतर खेळणाऱ्यांना त्याच्यात शिरायला वाट नसते. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये सपाट आणि गोलाकार पात्रांचा जो भेद सांगितला तो पूर्ण झालेल्या कादंबरीच्या संदर्भात आहे. भूमिकाखेळात गोलाकार होऊन आलेले पात्र पुढे वाढत नाही. उलट दोन ओळींचे सपाट पात्र पाच-सहा डावांत गोलाकार होऊ शकते.

अलीकडच्या खेळरचनाकारांनी हे ओळखून पत्रकातच मोकळी जागा राखण्याच्या युक्त्या योजल्या. रॉन एडवर्ड्सच्या 'सॉर्सरर' या खेळात (पुस्तकरूप २००१) पात्राच्या आयुष्यात नुकतीच घडलेली, दुर्लक्ष करता येणार नाही अशी एक घटना खेळणारा स्वतः लिहितो; तिचे पुढे काय होते ते लिहायचे नाही. व्हिन्सेंट बेकरच्या 'अपॉकॅलिप्स वर्ल्ड' (२०१०) मध्ये पात्रे घरून करून आणायची नसतात. सर्वांनी पहिल्याच बैठकीत एकत्र बसून ती घडवायची आणि परस्परांशी असलेला पूर्वेतिहास आकड्यांत नोंदवायचा. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्याही २०१४ च्या आवृत्तीत सहा अंगांच्या जोडीला आदर्श, बंध आणि दोष यांसाठी स्वतंत्र चौकटी आल्या. पात्राचे केंद्र देहाकडून नात्याकडे सरकल्याचे हे लक्षण आहे.

५. एक नमुना : संपाच्या वर्षातील पात्रे

हे विवेचन मराठी भूमीवर तपासून पाहता येईल. समजा, पदव्युत्तर वर्गातील काही विद्यार्थी १९८२ च्या मुंबईतील गिरणी संपावर घरगुती खेळ रचू पाहतात. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या या संपात सुमारे अडीच लाख कामगार सामील होते. येथे बळ आणि चपळाई विचारून काय साधणार? पत्रकाने वेगळे प्रश्न विचारावयास हवेत. नोकरी कायम आहे की बदलीची? राहती खोली कोणाच्या नावावर आणि तीत माणसे किती? गावी जमीन आहे काय, आणि असल्यास तिच्यावर कोण राबते? देणे कोणाचे? संप चालू असताना कामावर परत गेल्यास कोणाला तोंड दाखवता येणार नाही? या पाच प्रश्नांची उत्तरे एकेका ओळीत लिहायची.

आकडा एकच ठेवायचा. त्याला 'दम' म्हणता येईल. सर्वांचा दम प्रारंभी सहा, आणि दर महिन्याला तो एकाने घटतो. तो वाढवण्याचा मार्गही एकच : पत्रकावरची एक ओळ खोडायची. खोली विकली, जमीन गहाण टाकली, देणे बुडवले वा तोंड दाखवण्याची भीड सोडली, की दम एकाने वाढतो. परंतु ती ओळ पुन्हा लिहिता येत नाही. दम शून्यावर आला की पात्राने मुंबई तरी सोडायची किंवा संप तरी. सहा महिने आणि पाच ओळी एवढाच या माणसांजवळचा अवकाश.

आता दोन पत्रके शेजारी ठेवून पाहावीत. एक साचेखात्यातील बदली कामगार. संपापूर्वी तो रोज सकाळी गिरणीच्या फाटकावर उभा राहून कोणाची जागा रिकामी आहे काय हे पाहत असे. दुसरी खानावळ चालवणारी बाई. त्याच्या पत्रकावर 'खानावळीची तीन महिन्यांची बाकी' हे देणे आहे. तिच्या पत्रकावर तीच बाकी येणे म्हणून लिहिलेली आहे, आणि तिच्यावर वाण्याचे देणे आहे. एकच आकडा दोन कागदांवर दोन अर्थांनी नांदतो. डाव सुरू होतो तेव्हा एक खेळणारा म्हणतो, "मावशी, एवढा महिना सांभाळून घ्या." दुसरी उत्तर देते, "मी सांभाळीन रे बाबा, पण वाणी मला सांभाळील का?" ही वाक्ये कोणी आधी लिहिलेली नाहीत. ती पत्रकांतील त्या एका सामाईक ओळीतून निघालेली आहेत. कामगाराने ती ओळ खोडून दम वाढवला तर बाईच्या पत्रकावरचीही एक ओळ आपोआप जाते, आणि तिचा दम मात्र वाढत नाही. एकाच्या तगण्याची किंमत दुसरीच्या कागदावर दिसते.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. संपाचे पुढे काय झाले हे खेळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यामुळे 'संप यशस्वी होईल काय?' हा प्रश्न खेळात उरत नाही. उरतो तो 'या माणसाने काय राखले आणि काय खोडले?' हा प्रश्न. शोकात्मिकेतही शेवट ज्ञात असतो आणि तरीही कुतूहल मावळत नाही, ते याच कारणाने. शेवटी हाती राहिलेले, रेघोट्यांनी भरलेले पत्रक हेच त्या पात्राचे चरित्र होय. ते आरंभी लिहिलेले नसते. खोडण्यातून सिद्ध झालेले असते.

अर्थात अशा खेळाला एक नैतिक बाजूही आहे. ज्यांची घरे या संपात मोडली त्यांची मुले-नातवंडे आज आपल्या वर्गांत बसलेली असतात. त्यांच्या घरचे दुःख दुसऱ्याच्या करमणुकीचा विषय होण्याचा धोका येथे संभवतो. त्यावर उपाय भावनेचा नसून माहितीचा आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी सिद्ध केलेला गिरणगावचा मौखिक इतिहास (२००४) यांसारख्या साधनांच्या आधारे पत्रकाचे प्रश्न ठरवले पाहिजेत. प्रश्न वरवरचे असतील तर पात्रे केविलवाणी होतील. प्रश्न नेमके असतील तर त्यांना निवड करता येईल. माणसाला निवड देणे हाच त्याचा आदर होय. जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकात संपानंतरच्या काळातील गिरणी कामगाराचे कुटुंब येते. तेथे प्रत्येकाची वाट नाटककाराने पाहिलेली आणि प्रेक्षकाला दाखवलेली आहे. खेळात तीच निवड खेळणाऱ्याला स्वतः करावी लागते, आणि ती करताना समोर ज्याचे नुकसान होणार तो माणूस बसलेला असतो. नाटकाचे सामर्थ्य खेळाला येणार नाही. परंतु निवडीचा हा भार नाटक प्रेक्षकावर टाकू शकत नाही, हेही तितकेच खरे.

६. समारोप

मराठी नाट्यपरंपरेला संहितेविना बोलणारे पात्र अपरिचित नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीस 'सीतास्वयंवर' सादर केले तेव्हा पदे सूत्रधार म्हणत असे आणि गद्य भाषणे नट आपल्या बुद्धीने करीत. कोकणातील दशावतारात आख्यानाचे संवाद आजही पाठ केलेले नसतात. ते रंगमंचावर सुचत जातात. मात्र तेथे कथानक पुराणाने बांधलेले असते. रावणाने काय बोलावे हे नटाच्या स्वाधीन; रावणाने मरावे हे नव्हे. भूमिकाखेळात भाषणाबरोबर कृतीही मोकळी होते. मोकळेपणा इतका वाढल्यावर पात्राला आधार हवा, आणि तो पत्रकावरचे मोजके प्रश्न पुरवतात.

ॲरिस्टॉटलने कथानकाला प्रथम आणि स्वभावाला दुय्यम स्थान दिले. आधुनिक कादंबरीने हा क्रम बहुधा उलटा केला. भूमिकाखेळात दोहोंच्याही आधी प्रश्न येतो : या माणसाविषयी काय विचारायचे? त्याचे उत्तर नेमके ठरले की स्वभाव आणि कथानक ही दोन्ही टेबलाभोवती बसलेल्यांच्या परस्परव्यवहारातून निष्पन्न होतात. म्हणून घरगुती खेळासाठी पात्र रचताना तीन पथ्ये पाळावीत असे म्हणता येईल. खेळाचा आशय ज्याने उघड होईल तेवढेच पत्रकात विचारावे. प्रत्येक पात्राची किमान एक ओळ दुसऱ्या पात्राच्या पत्रकावरही असावी. आणि एका प्रश्नाचे उत्तर खेळणाऱ्याने स्वतःलाही ठाऊक नसू द्यावे.

व्यक्तिरेखेच्या अभ्यासात आपण विद्यार्थ्यांना आजवर 'हे पात्र कसे आहे?' असे विचारत आलो आहोत. 'या पात्राला लेखकाने कोणते प्रश्न विचारले, आणि कोणते विचारलेच नाहीत?' असेही विचारता येईल. कोणत्याही कादंबरीतील पात्राचे पत्रक करून पाहावे. ज्या चौकटी कोऱ्या राहतील त्या कधी लेखकाची मर्यादा दाखवतील, कधी त्याच्या काळाची, आणि कधी त्याने जाणून राखलेली जागा.